सुपर बोलची तयारी: वडे साडेपाचला, गप्पा दोन खेळ्यांच्या मधे

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधल्या एनएफएल लीगचा अंतिम सामना, साडेतीन-चार तास चालतो आणि त्यातला बराच वेळ मैदानावर कोणी धावत नसतं. एक खेळी पाच-सहा सेकंदांत संपते. मग खेळाडू उठतात, घोळक्यात जमतात, पुन्हा रांगेत उभे राहतात. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा मधला वेळ वाया गेल्यासारखा वाटतो. मला मात्र तोच सगळ्यांत आवडतो. एक खेळी संपली की पुढची सुरू करायला साधारण 40 सेकंद मिळतात. तेवढ्या वेळात खोलीतल्या प्रत्येकाला ‘आता हे काय करतील?’ हा प्रश्न पडायला लागला, की बैठक जमली म्हणून समजा. माझी सगळी तयारी त्या चाळीस सेकंदांसाठी असते.

मी फिलाडेल्फियाच्या उपनगरात राहते आणि इथल्या ईगल्स संघाची चाहती आहे. फेब्रुवारीतल्या त्या रविवारी आमच्याकडे माणसं जमतात: मराठी मंडळातली काही कुटुंबं, ऑफिसातले काहीजण, शेजारचे आजी-आजोबा, आणि सासूबाई साताऱ्याहून आलेल्या असल्या तर त्याही. ईगल्स अंतिम सामन्यात असोत वा नसोत, बैठक होतेच.

आधीचे दोन आठवडे

उपांत्य फेरी आणि सुपर बोल यांच्यामधे बहुतेक वर्षी दोन आठवडे असतात. या काळात वाचायला इतकं येतं की डोकं भणभणतं. सगळं वाचू नका. दोन्ही संघांचे क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमण चालवणारे आणि चेंडू फेकणारे खेळाडू, कोण आणि कोण जखमी आहे हे बघा, आणि मग एकच झुंज निवडा: एका संघाची आक्रमणातली पाच आडदांड माणसांची फळी आणि समोरच्या संघाचे तिला भेदणारे बचावपटू. सामना बहुतेकदा इथेच ठरतो.

9 फेब्रुवारी 2025 ला न्यू ऑर्लिन्समध्ये ईगल्सनी कॅन्सस सिटीच्या चीफ्सना 40–22 हरवलं ते याच जागी. क्वार्टरबॅकवर जादा माणसं सोडायची, म्हणजे ब्लिट्झ करायचं, तर मागे जागा मोकळी राहते. चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्ससारखा खेळाडू ती जागा लगेच हेरतो. ईगल्सचे बचाव प्रशिक्षक विक फँजिओ यांनी ब्लिट्झ केलंच नाही. पुढच्या चार माणसांनीच माहोम्सला सहा वेळा आडवं केलं, आणि उरलेले सात जण मागे झेल अडवायला मोकळे राहिले. मध्यंतराला धावफलक 24–0 होता. त्यातले सात गुण ईगल्सच्या कूपर डीजीनने माहोम्सचा पास मधेच झेलून मिळवून दिले होते, आणि त्या दिवशी त्याचा बाविसावा वाढदिवस होता. ही झुंज आधी माहीत असलेल्या माणसाला तो एकतर्फी सामनाही कंटाळवाणा वाटला नाही.

म्हणून नवख्यांना मी सांगते, पहिल्या काही खेळ्या चेंडूकडे पाहूच नका. मधली फळी मागे रेटली जातेय की पुढे सरकतेय, एवढंच पाहा.

दहा मिनिटांत नियम

सामन्याच्या आधी, टीव्ही बंद असताना सांगा. सुरू झाल्यावर शिकवायला बसलात तर तुमचाही सामना जातो आणि त्यांचाही.

मैदान 100 यार्डांचं, दोन्ही टोकांना 10-10 यार्डांचा एंड झोन. प्रत्येकी अकरा खेळाडू. चेंडू असलेल्या संघाला 10 यार्ड पुढे जायला चार संधी, म्हणजे चार डाऊन. दहा यार्ड झाले की पुन्हा नव्याने चार. एंड झोनमध्ये चेंडू नेला की टचडाऊन, 6 गुण. त्यावर किक मारून 1, किंवा 2 यार्डांवरून पुन्हा खेळी करून 2. खांबांमधून चेंडू मारला तर फील्ड गोल, 3 गुण. पंधरा मिनिटांचे चार भाग. बस्स. बाकीचे नियम सामना चालू असताना आपोआप कळतात.

चौथा डाऊन मात्र नीट समजावून सांगा. प्रो कबड्डी पाहणाऱ्याला ‘डू ऑर डाय’ चढाई माहीत असते: दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणायचा, नाहीतर बाद. चौथा डाऊन जवळजवळ तसाच, फक्त इथे माघार घ्यायची मुभा आहे. चेंडू लांब मारून प्रतिस्पर्ध्याला मागे ढकलता येतं, म्हणजे पंट. खांब टप्प्यात असतील तर तीन गुण घेता येतात. किंवा उरलेलं अंतर कापायला जायचं. चुकलं तर चेंडू तिथेच समोरच्याच्या हातात.

या तीन वाटांवरच खऱ्या गप्पा होतात. तिसरा डाऊन फसला की मी खोलीत मोठ्याने विचारते, ‘पंट, किक की जायचं?’ प्रत्येकाने उत्तर द्यायचं, मुलांनीसुद्धा. निकाल लागायच्या आधी मत द्यायचं, ही अट. नंतर शहाणपण सांगणं सोपं असतं.

4 फेब्रुवारी 2018 चा मिनियापोलिसचा सामना त्यासाठी सर्वांत चांगला धडा आहे. ईगल्स विरुद्ध क्वार्टरबॅक टॉम ब्रेडीचे पेट्रियट्स. मध्यंतराला काही सेकंद बाकी, ईगल्स 15–12 पुढे, चौथा डाऊन, एंड झोन एका यार्डावर. तीन गुण सहज मिळत होते. ते सोडून क्वार्टरबॅक निक फोल्सने ‘फिली स्पेशल’ सुचवली आणि प्रशिक्षक डग पीडरसन यांनी होकार दिला. चेंडू कोरी क्लेमेंटकडे, त्याच्याकडून ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनने तो फेकला खुद्द फोल्सकडे. टचडाऊन. त्या खेळीचा पुतळा आज ईगल्सच्या स्टेडियमबाहेर उभा आहे.

ही खेळी सगळ्यांना माहीत असते. माझ्या मते त्याहून धाडसाचा निर्णय शेवटच्या भागात झाला. ईगल्स 33–32 मागे, साडेपाच मिनिटांच्या आसपास वेळ, चौथा डाऊन आणि एक यार्ड, तेही स्वतःच्या 45 यार्डांच्या रेषेवर. चुकले असते तर ब्रेडीला अर्ध्या मैदानावर चेंडू. ब्रेडीने त्या रात्री 505 यार्ड फेक केली होती आणि पेट्रियट्सना एकदाही पंट करावं लागलं नव्हतं. म्हणजे पंट करून चेंडू परत मिळेल याची खात्री नव्हतीच. पीडरसन गेले. फोल्सचा छोटासा पास झॅक अर्ट्झकडे, दोन यार्ड, नवे चार डाऊन. त्याच आक्रमणात अर्ट्झने टचडाऊन केला, लगेच ब्रँडन ग्रॅहमने ब्रेडीच्या हातून चेंडू उडवला, आणि सामना 41–33 संपला. त्या दोन यार्डांचा पुतळा कोणी उभारला नाही, पण आमच्या शेजारच्या आजोबांशी यावर बोलायला लागले की संध्याकाळ कशी गेली ते कळत नाही.

घड्याळाचं गणित

दुसरी गोष्ट घड्याळ. धावणारा खेळाडू मैदानातच पडला तर घड्याळ चालू राहतं. पास जमिनीवर पडला तर थांबतं. प्रत्येक अर्ध्यात प्रत्येक संघाला तीन टाइमआउट. शेवटच्या पाच मिनिटांत गुणांइतकंच लक्ष या टाइमआउटकडे ठेवा.

12 फेब्रुवारी 2023 ला ॲरिझोनात हेच आम्हाला नडलं. 35–35 बरोबरी, दोन मिनिटांपेक्षा कमी वेळ. चीफ्सचा जेरिक मॅकिनन चेंडू घेऊन एंड झोनकडे निघाला, समोर वाट मोकळी होती, आणि दोन यार्डांवर तो मुद्दाम खाली बसला. त्याने टचडाऊन केला असता तर ईगल्सना चेंडू आणि भरपूर वेळ मिळाला असता. त्याऐवजी चीफ्सनी घड्याळ संपवत नेलं, 8 सेकंद उरले असताना हॅरिसन बटकरने फील्ड गोल मारला, 38–35. सासूबाईंनी विचारलं होतं, ‘अगं, तो बसला का?’ त्या प्रश्नाचं उत्तर समजलं की हा खेळ समजला.

जादा वेळेचा नियमही आधी मोठ्याने वाचून घ्या. आता बाद फेरीच्या सामन्यांत दोन्ही संघांना एकेकदा चेंडू मिळतोच. 2024 च्या लास व्हेगासच्या सामन्यात सॅन फ्रान्सिस्कोच्या 49अर्सनी नाणेफेक जिंकून आधी चेंडू घेतला आणि 25–22 हरले. नवा नियम माहीत नव्हता, असं त्यांच्याच काही खेळाडूंनी नंतर सांगितलं. दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला किती गुण हवेत ते कळलेलं असतं, म्हणून मी दुसरा क्रम घेतला असता.

टीव्ही, बसणं, खाणं

सामना सीबीएस, फॉक्स, एनबीसी किंवा एबीसी अशा मोठ्या वाहिनीवर असतो आणि साध्या घरगुती अँटेनावर फुकट दिसतो. अँटेनाच लावा. स्ट्रीमिंगचं चित्र कितीतरी सेकंद मागे असतं. शेजारची आरोळी आधी ऐकू येते आणि तुमच्या टीव्हीवर अजून खेळाडू रांगेत उभे असतात. फोनवरच्या स्कोअरच्या सूचनाही बंद करायला सांगा, नाहीतर चाळीस सेकंदांची सगळी मजा एका टिंगने जाते.

मनापासून पाहणाऱ्यांना पुढे बसवा, नवख्यांना त्यांच्या शेजारी. केवळ गप्पांसाठी आलेल्यांची सोय स्वयंपाकघराजवळ करा. तेही आनंदात राहतात.

सामना अमेरिकेच्या पूर्वेकडे संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतो. वडे साडेपाचला तळून व्हायला हवेत. एका हाताने खाता येईल असंच करा: वडापाव, कोथिंबीर वडी, मुलांसाठी सॉफ्ट प्रेट्झेल, कापून ठेवलेले होगी, म्हणजे लांब पावाचे सँडविच. पावभाजीची भाजी स्लो कुकरमध्ये ठेवली की रात्रभर गरम राहते. चिकन विंग्ज ओव्हनमधून काढल्यावर लोण्यात घोळवा आणि वरून लसूण-खोबऱ्याची सुकी चटणी भरपूर भुरभुरा. ऑफिसातले लोक आता बफेलो सॉस मागतच नाहीत. दुसरी फेरी मध्यंतरात. ते गाण्याच्या कार्यक्रमामुळे साधारण अर्ध्या तासाचं असतं, म्हणजे चहाही होतो. शेवटच्या भागात गॅसजवळ कोणीही जायचं नाही.

ज्यांना खेळात रस नाही त्यांच्यासाठी चौकोनांचा खेळ ठेवा. दहा बाय दहाचा तक्ता, प्रत्येकाने चौकोनांत नावं लिहायची, मग 0 ते 9 आकडे चिठ्ठ्या टाकून दोन्ही बाजूंना मांडायचे. प्रत्येक भागाच्या शेवटी दोन्ही संघांच्या गुणांचा शेवटचा आकडा जुळला की बक्षीस. आमच्याकडे पैसे नसतात, लिमलेटच्या गोळ्यांची बरणी असते. 0, 3, 4, 7 आले की लोक खूश होतात, 2 आणि 5 आले की चेहरे पडतात. पण 2018 चं मध्यंतर 22–12 वर झालं होतं, तेव्हा दोन-दोनवाल्याला तक्ता फाडू देऊ नका.

कोणाशी काय बोलावं

जुन्या चाहत्याला नियम विचारण्यापेक्षा आठवण विचारा. शेजारचे आजोबा 1960 साली शाळकरी होते. त्या वर्षी ईगल्सनी पॅकर्सना 17–13 हरवून लीगचं विजेतेपद घेतलं, आणि त्यानंतर थेट 2018. 57 वर्षं. त्या फेब्रुवारीच्या मिरवणुकीत काहीजण आपल्या गेलेल्या वडिलांची राख सोबत घेऊन आले होते. ‘2018 ला तुम्ही कुठे होतात?’ असं इथल्या कोणालाही विचारा, आणि मग फक्त ऐका.

2023 च्या सामन्यातल्या त्या होल्डिंगच्या, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याच्या, निर्णयाचा विषय मात्र आपण काढू नये. ईगल्सच्या जेम्स ब्रॅडबेरीने आपण जर्सी ओढल्याचं सामन्यानंतर स्वतः कबूल केलं. तो कबूल झाला, हे शहर अजून झालेलं नाही.

हरलेल्या संघाच्या माणसाशी त्याच रात्री डावपेच बोलू नका. ‘मोठा सामना होता’ एवढं पुरे. सोमवारी ऑफिसात तोच येऊन बोलतो. तेव्हा पंच किंवा नशीब यांच्यापासून सुरुवात न करता चेंडू कोणी किती वेळा गमावला ते आधी मोजा, मग तिसऱ्या डाऊनवर कोणाला किती यश आलं ते, आणि मग तो एखादा चौथा डाऊन. एवढ्यावर जेवणाची सुट्टी पुरत नाही. वाद हवाच असेल तर ‘टश पुश’ आहे: क्वार्टरबॅकला मागून ढकलत एक यार्ड मिळवायची ईगल्सची खेळी. मे 2025 मध्ये ती बंद करण्याच्या बाजूने 22 संघमालक होते, लागत होते 24. मला ती राहावी असं वाटतं. थांबवायची असेल तर समोरच्या फळीने थांबवावी.

पुण्या-साताऱ्यातल्या मंडळींकडे सामना सुरू होतो तेव्हा सोमवारची पहाट असते, पाच वाजलेले. काही जण उठून पाहतात, काही रेकॉर्डिंग रात्री लावतात. त्यामुळे घरच्या ग्रुपवर काहीही टाकायच्या आधी मी प्रत्येकाला वेगळं विचारते, ‘पाहून झाला का?’ सगळ्यांचा होकार आला की मगच चौथ्या डाऊनचा प्रश्न ग्रुपवर जातो.