प्रेसला पीडीएफ देताय? फॉन्टच्या या चुका टाळा

गेली बरीच वर्षं डीटीपी करतोय. स्मरणिका, अहवाल, कवितासंग्रह, लग्नपत्रिका सगळं. आणि दर सीझनला कुणाचा तरी रात्री अकराला फोन येतोच, "दादा, माझ्याकडे तर नीट दिसत होतं, प्रेसवर अक्षरं बदलली." म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

सगळ्यात मोठी चूक हीच, की स्वतःच्या स्क्रीनवर नीट दिसलं की फाईल ओके समजायची. अहो, तुमच्या मशिनवर तो फॉन्ट टाकलेलाच आहे. पीडीएफमध्ये फॉन्ट नसला तरी रीडर तो तुमच्या विंडोजमधून उचलतो आणि सगळं छान दिसतं, प्रेसच्या मशिनवर फॉन्ट नसतो, मग तिथे दुसरा कुठला तरी बसतो.

मी हे कसं शिकलो ते सांगतो. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका शाळेची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका केली, ६४ पानं, १००० प्रती. श्रद्धांजलीच्या पानाचा मजकूर शाळेतल्या कुणीतरी जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमध्ये (युनिकोड म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला कोड) टाईप करून पाठवला होता आणि घाईत मी तो तसाच पेस्ट केला. त्या फॉन्टला एम्बेड करायची, म्हणजे पीडीएफच्या आत भरायची, परवानगीच नव्हती. फॉन्टच्या आतच तशी खूण असते, ती असली की बरेच प्रोग्रॅम काही न विचारता तो फॉन्ट वगळतात. वर्डच्या पीडीएफ ऑप्शन्समध्ये 'बिटमॅप टेक्स्ट व्हेन फॉन्ट्स मे नॉट बी एम्बेडेड' असा एक टिक असतो, एम्बेड न होणारा फॉन्ट असेल तर तेवढा मजकूर चित्र म्हणून जातो. अक्षर ब्लर येतं असं कुणाकडून तरी ऐकून मी तो टिक काढून ठेवला होता. माझ्या लेझर प्रिंटरवर प्रूफ काढलं, एकदम नीट. आणि नीट येणारच, प्रिंट त्याच मशिनवरून निघालेली ना! रात्री प्लेट (छपाईचे पत्रे) झाल्या, छपाई झाली, सकाळी घडी घातलेला फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापलेली पानं) हातात घेतला तर संस्थापक सरांच्या नावाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा कचरा. सरांच्या पत्नी रविवारी प्रकाशनाला येणार होत्या. तो १६ पानांचा फॉर्म पुन्हा छापला, कागदाचे आणि प्लेटचे पैसे मी भरले, बाइंडरने रात्रभर जागून काम केलं. पैशांचं सोडा, पण ते पान अजून डोळ्यांसमोर येतं.

इंग्रजी अक्षरंच का आली? कारण जुने फॉन्ट इंग्रजीच्या जागांवर मराठी चित्रं बसवून केलेत. कृतिदेवमध्ये तुम्ही 'मराठी' टाईप केलं तर कॉम्प्युटरच्या लेखी ते ई, जे, के, कॅपिटल बी, एच एवढंच असतं. फॉन्ट गेला की मराठी पण गेली. युनिकोड मजकुरात निदान दुसऱ्या फॉन्टमध्ये का होईना, मराठी दिसायची आशा तरी असते. म्हणून माझा नियम, जुन्या फॉन्टमधला मॅटर आला की आधी कन्व्हर्टरने युनिकोड करायचा, मग ओळीओळीने वाचायचा (रफार आणि ऱ्ह-ऱ्य इथे हमखास गडबड होते), आणि मगच लेआउटमध्ये घ्यायचा. वेळ लागतो. लागू दे.

तपासायचं कसं? पीडीएफ ॲक्रोबॅट रीडरमध्ये उघडा, शेवटच्या पानापर्यंत स्क्रोल करा (काही व्हर्जनमध्ये पाहिलेल्या पानांचेच फॉन्ट यादीत येतात), मग कंट्रोल-डी दाबून फॉन्ट्सचा टॅब. प्रत्येक नावापुढे 'एम्बेडेड' किंवा 'एम्बेडेड सबसेट' हवं. सबसेट म्हणजे फक्त वापरलेली अक्षरं आत गेलीत, छपाईला चालतं, घाबरू नका. एका जरी नावापुढे ते नसेल तर फाईल पाठवायची नाही. लिनक्सवाल्यांनी पीडीएफफॉन्ट्स ही कमांड चालवून 'एम्ब'च्या कॉलममध्ये सगळीकडे 'येस' आहे का बघावं. मी याशिवाय फाईल मोबाईलवर पण उघडतो, तिथे माझे फॉन्ट नसतात, त्यामुळे खोटं समाधान मिळत नाही.

या यादीतून अजून एक चोर सापडतो. तुम्ही सगळं एकाच फॉन्टमध्ये केलंय आणि यादीत मंगल किंवा निर्मला (विंडोजचे स्वतःचे मराठी फॉन्ट) पण दिसतोय, तर कुठेतरी एखादं अक्षर निसटलंय. बहुतेक वेळा तो ॲ असतो. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधीच्या फॉन्टमध्ये ते नसतं, मग 'ॲड.' मधला ॲ एका फॉन्टचा आणि ड दुसऱ्याचा. नाहीतर मग हेडर, पान नंबर, बुलेट आणि टेक्स्ट बॉक्स तपासा.

आता दुसरी गोष्ट, जिचा मला खरंच राग येतो. "फॉन्टची कटकट नको, सगळं कर्व्ह करून दे" (म्हणजे अक्षरांचं नुसतं रेघांचं चित्र करून दे) किंवा त्याहून वाईट म्हणजे "जेपीजी करून पाठव". एका पानाच्या पत्रिकेला कोरलड्रॉमध्ये कंट्रोल-क्यू मारून कर्व्ह केलं तर माझी हरकत नाही, मी पण करतो. पण १०० पानांचं पुस्तक कर्व्ह? शेवटच्या क्षणी एक ऱ्हस्व-दीर्घ सापडला तर प्रेसवाला तिथे सुधारू शकत नाही, मजकूर सर्च होत नाही, लहान अक्षरं साध्या प्रिंटरवर जाड दिसतात. जेपीजीमध्ये तर काळं अक्षर बऱ्याचदा चार रंगांत फुटतं आणि प्लेट केसभर जरी सरकली तरी शिरोरेषेला रंगीत सावली येते. वाचणाऱ्याच्या डोळ्यांना त्रास द्यायचा, का तर आपल्याला पाच मिनिटं वाचवायची होती. नवीन मुलं दोन व्हिडिओ बघून येतात आणि पहिलं हेच शिकतात. आधी फॉन्ट एम्बेड करायला शिका रे, कर्व्ह कुठे पळून जात नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

वर्डच्या ऑप्शन्समधलं 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाईल' हे वर्डच्या फाईलसाठी आहे. ते टिक केलं म्हणजे पीडीएफचं काम झालं असं नाही, यादी बघावीच लागते.

वेलांटी अक्षराच्या मागे जातेय, जोडाक्षर फुटतंय, गोल ठिपक्यांचं वर्तुळ येतंय आणि हे सगळ्या मशिनवर सारखंच दिसतंय? मग तो एम्बेडिंगचा प्रॉब्लेम नाही, मूळ प्रोग्रॅमनेच अक्षरं चुकीची जुळवलीत. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफला वर्ल्ड-रेडी कंपोझर लावा. मशिन बदललं की दिसणं बदलतं, तेव्हाच एम्बेडिंगवर संशय घ्या.

पीडीएफमधून मराठी कॉपी करताना गचाळ येतं म्हणून फॉन्ट नाही असं समजू नका, छपाईचा आणि त्याचा संबंध नाही.

इंग्रजी हेल्व्हेटिका किंवा टाइम्स 'स्टँडर्ड आहे, चालेल' म्हणून सोडू नका. जुन्या पीडीएफमध्ये १४ फॉन्ट असे न भरता चालायचे, पण प्रेसवर त्यांच्या जागी दुसरा आला की ओळी सरकतात.

फॉन्ट निवडतानाच मुक्त परवान्याचा घ्या. मुक्ता, बालू, टिरो देवनागरी मराठी, हे एम्बेड करताना अडवत नाहीत. टिरोमध्ये पाकळीचा ल आणि देठाचा श आपसूक मिळतो, मंगलवर घसरलात की हिंदी वळण येतं.

फॉन्ट नसलेली पीडीएफ पुन्हा प्रिंट टू पीडीएफ करून सुधारत नाही, जो फॉन्ट मशिनवरच नाही तो आत येणार कुठून? मूळ फाईल ज्याच्याकडे आहे त्यालाच परत काढायला सांगा, आणि पीडीएफ/ए चा पर्याय टिक करायला सांगा, त्या प्रकारात सगळे फॉन्ट आत असणं सक्तीचं आहे.

आणि तो माणूस गावाला गेलाय, फोन लागत नाही, सकाळी कार्यक्रम आहे असं असेल, तर ज्या मशिनवर ती पीडीएफ नीट दिसते तिथूनच रीडरच्या प्रिंटमध्ये ॲडव्हान्स्डमध्ये जाऊन 'प्रिंट ॲज इमेज' करून तेवढ्या प्रती काढा. शंभर प्रतींपर्यंत मी हे केलंय, त्यापुढे नाही.