‘अबाउट टू’ म्हणजे नुसतं ‘णार’ नाही, या चुका टाळा

कोपरखैरण्यात मी संध्याकाळी स्पोकन इंग्लिश शिकवते, बॅचला बहुतेक रबाळे-घणसोलीला नोकरी करणारी मुलं, आणि दर बॅचला कुणीतरी म्हणतंच, ‘आय ॲम अबाउट टू गो टू सातारा नेक्स्ट मंथ.’ चूक हुशारीची नाहीये, आपल्या ‘णार’ची आहे. पुढच्या महिन्यात जाणार तरी णार, आणि चप्पल पायात घालून दारात उभं असलो तरी णारच. इंग्रजीत अबाउट टू फक्त त्या दारातल्या माणसासाठी आहे, म्हणून टुमॉरो, नेक्स्ट मंथ, असलं काही त्याला जोडू नका, तिथे ‘गोइंग टू’ घ्या.

शंका आली की वाक्य ‘निघतोच आहे’ असं करून बघा. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर उभं राहून ‘वाशी गाडी सुटतेच आहे’ सहज म्हणता येतं, मग ‘द ट्रेन इज अबाउट टू लीव्ह’ बरोबर. ‘पुढच्या महिन्यात गावाला निघतोच आहे’ कानाला खटकतं ना, मग तिथे अबाउट टू नको. आणि टाइमटेबलप्रमाणे गाडी ८.१० ला येणं अपेक्षित आहे एवढंच सांगायचं असेल तर ‘ड्यू टू अराइव्ह’ म्हणा.

आता भूतकाळ, इथे खरं नुकसान होतं. माझ्या एका विद्यार्थ्याने साहेबांना मेल केला, ‘आय वॉज अबाउट टू सेंड द रिपोर्ट’, आणि रिपोर्ट त्याने पाठवला होता! साहेबांनी वाचलं ते ‘पाठवणारच होतो, पण राहिलं’, आणि त्या बिचाऱ्याला विनाकारण ऐकावं लागलं. वॉज अबाउट टू म्हटलं की समोरचा पुढचं ‘तेवढ्यात’ शोधतो, जसं ‘आय वॉज अबाउट टू लीव्ह व्हेन द फोन रँग’, निघणारच होतो तेवढ्यात फोन वाजला. काम झालं असेल तर सरळ ‘आय सेंट इट’ लिहा.

‘नॉट अबाउट टू’ तर फारच जपून. तुम्हाला म्हणायचं असतं मी इतक्यात सही करत नाहीये, पण ‘आय ॲम नॉट अबाउट टू साइन’ चा अर्थ बहुतेक वेळा ‘मी मुळीच सही करणार नाही’ असा घेतला जातो, विशेषतः अमेरिकन क्लायंट असेल तर. ‘आय ॲम नॉट साइनिंग इट जस्ट येट’ म्हणा, भांडण होणार नाही.

बाकी बारीकसारीक: ॲम, इज, आर गाळू नका, ‘आय अबाउट टू लीव्ह’ चालत नाही, आणि पुढे ‘लीव्हिंग’ पण नाही, साधं ‘लीव्ह’. आयएनजी लागतं ते ‘ऑन द व्हर्ज ऑफ’ ला, ‘शी वॉज ऑन द व्हर्ज ऑफ क्राइंग’, अगदी रडकुंडीला आली होती. पण ते वजनदार आहे, कंपनी बुडायच्या बेतात आहे अशा ठिकाणी शोभतं, मी चहा घेणारच होते याला नाही.