रात्रीतून बॅटरी उतरते? नवी घेण्याआधी करंट मोजा

थंडी पडली की नाशिकमध्ये बॅटरीवाल्यांचे दिवस येतात. निफाडचा पारा घसरतो, सकाळी सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प बसतो आणि शेजारचे काका बाल्कनीतूनच निदान करतात, ‘‘बॅटरी गेली रे, बदलून टाक.’’ थंडीत बॅटरीचा जोर कमी होतो, हे खरंच आहे. पण रविवारी पूर्ण चार्ज केलेली बॅटरी बुधवारी पुन्हा बसत असेल, तर नवीसुद्धा तशीच बसेल. गाडी बंद असताना काहीतरी करंट खातंय. ते साध्या मल्टिमीटरने घरी सापडतं.

टर्मिनलवरची पांढरी-निळसर बुरशी गरम पाण्याने धुवा, पॉलिश पेपर मारा, नट घट्ट करा. मग व्होल्टेज बघा. रात्रभर उभ्या गाडीत 12.6 म्हणजे भरलेली, 12.2 म्हणजे अर्धी. इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 दिसायला हवं. तेवढं येत नसेल तर बेल्ट आणि त्यावर फिरून बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बघा, पुढचं वाचू नका. बॅटरी भरलेली असूनही सेल्फ फिरत नसेल तर अर्थिंग तपासा: मीटरचा एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (टर्मिनलवर), दुसरा इंजिनच्या उघड्या धातूवर, आणि कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला तर अर्थिंगची पट्टी गंजलीय किंवा ढिली आहे.

आता खरं काम, बंद गाडीतला करंट मोजणं. याच पायरीने मला पूर्वी फार छळलंय आणि याच पायरीवर सगळ्यात जास्त थापा ऐकायला मिळतात. ‘निगेटिव्ह काढा, मीटर लावा, आकडा वाचा’ असं सांगणाऱ्याने आजकालची गाडी मोजलेलीच नसते. निगेटिव्ह काढून परत जोडला की गाडीतले सगळे कंट्रोलर जागे होतात. मीटर दोन-तीन अँपिअर दाखवतो आणि माणूस घाबरून वायरिंग फाडायला घेतो. त्यांना पुन्हा झोपायला वेळ लागतो. काही गाड्या दहा मिनिटांत झोपतात, काहींना अर्ध्या तासाहून जास्त लागतो.

म्हणून आधी गाडीला फसवायचं. फ्यूज बॉक्सजवळचं दार उघडं ठेवून त्याच्या लॉकची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून बसवा, म्हणजे गाडीला ते बंद वाटतं. बॉनेटच्या लॉकचंही तेच. (काम झाल्यावर हँडल ओढून कडी आधी सोडवा. तशीच ठेवून दार आपटलंत तर लॉकचा खर्च वेगळा.) रिमोटने लॉक करा आणि चावी घरात नेऊन ठेवा. स्मार्ट की खिशात असेल तर गाडी झोपतच नाही.

मीटरचा लाल प्रोब 10 अँपिअरच्या भोकात घाला. निगेटिव्ह केबल काढण्यापूर्वी केबल आणि खांब यांच्यात क्लिपा लावलेली जाड वायर जोडा, मग केबल सोडवा. लाल प्रोब केबलला, काळा खांबाला. गाडी झोपेपर्यंत जाड वायर राहू द्या, नंतर काढा आणि आकडा बघा. मीटर असा जोडलेला असताना इग्निशनला हातही लावायचा नाही. सेल्फ शेकडो अँपिअर ओढतो, मीटरचा फ्यूज जागीच उडेल.

0.02 ते 0.05 अँपिअर ठीक आहे. घड्याळ आणि सेंट्रल लॉकला तेवढं लागतंच. 0.3 दिसलं तर दिवसाला सात अँपिअर-तास गेले. छोट्या गाडीची 35 ची बॅटरी तीन दिवसांत निम्म्याच्या खाली येते. नाशिक रोड स्टेशनला गाडी लावून पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाणाऱ्यांना परतल्यावर मिळणारा हिसका हाच.

इथे लोक एकेक फ्यूज उपटत सुटतात. उपटू नका, परत घालताना गाडी पुन्हा जागी होते आणि वाट बघणं पहिल्यापासून सुरू. त्यापेक्षा जाड वायर परत जोडा, प्रोब मूळ भोकात घ्या आणि मीटर 200 मिलिव्होल्टवर ठेवा. प्रत्येक फ्यूजच्या पाठीवर धातूचे दोन बारीक ठिपके असतात, त्यांना प्रोब टेकवा. शून्य आलं तर त्या लाइनमध्ये करंट नाही. 15 अँपिअरच्या निळ्या फ्यूजवर 1 मिलिव्होल्ट म्हणजे साधारण 0.2 अँपिअर. चोर कोणत्या लाइनवर आहे ते कळलं. झाकणामागची यादी बघून ती लाइन कशाची ते शोधा.

माझा पहिला संशय नेहमी बाहेरून बसवलेल्या म्युझिक सिस्टिमवर. तिची पिवळी वायर कायम चालू असते, लाल वायर चावीबरोबर चालू व्हायला हवी. घाईत फिटिंग करणारे दोन्ही एकत्र पिळून वर काळी टेप गुंडाळतात, मग सेट रात्रभर अर्धवट जागा राहतो. लाल वायर सोडवून चावीबरोबर चालू होणाऱ्या लाइनवर घ्या, काम झालं. त्यानंतर डॅशकॅम, जीपीएस, डिकीचा दिवा. पावसाळ्यानंतर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. फ्यूज उडत असेल तर मोठा घालू नका, वायर जळेल. पिवळ्या वेष्टणातल्या एअरबॅगच्या वायरी आणि हायब्रिड गाडीतल्या नारिंगी केबल यांच्या वाटेला जाऊ नका.

सगळे फ्यूज शून्य दाखवतात, तरी करंट जातोय? मग अल्टरनेटरचा डायोड, म्हणजे बॅटरीतून उलटा येणारा करंट अडवणारा भाग. जाड वायरसकट निगेटिव्ह पूर्ण मोकळा करा, अल्टरनेटरच्या मागची जाड केबल काढून तिच्या टोकाला टेप गुंडाळा, आणि पुन्हा मोजा. आकडा खाली आला तर अल्टरनेटर खोलून घ्या.