जुना बास्केटबॉल हंगाम कागदावरून कसा वाचावा: टेक्सास वेस्टर्न, 1965-66

ज्याला क्रिकेटचा धावफलक वाचता येतो, त्याला बास्केटबॉलचा जुना गुणतक्ता वाचायला फारसे शिकावे लागत नाही. शिकून घ्यावे लागते ते एवढेच, की त्या काळी तो तक्ता कोणत्या गोष्टी टिपतच नव्हता. अमेरिकेतील एखाद्या महाविद्यालयीन पुरुष संघाच्या जुन्या हंगामाविषयी लिहायला बसणारे बहुतेक जण आधी त्याची दंतकथा वाचतात आणि मग तिला जुळणारे आकडे शोधत बसतात. हा क्रम उलटा करावा, असे माझे मत आहे. तो कसा करावा हे दाखवण्यासाठी मुद्दाम असा हंगाम निवडला आहे, ज्याच्यावर दंतकथेचे पुट फार जाड चढले आहे: डॉन हॅस्किन्स यांच्या मार्गदर्शनाखाली खेळलेल्या टेक्सास वेस्टर्न कॉलेजचा 1965-66 चा हंगाम.

सुरुवात नाव आणि साल यांच्यापासून करावी, कारण पहिली फसगत तिथेच होते. एल पासो शहरातील या संस्थेचे नाव 1967 मध्ये बदलून ‘युनिव्हर्सिटी ऑफ टेक्सास ॲट एल पासो’ असे झाले, त्यामुळे आजच्या नोंदींत जुने सामनेही कधी नव्या नावाखाली सापडतात, तर कधी जुन्या. ‘मायनर्स’ हे संघाचे टोपणनाव मात्र कायम राहिले. संस्था मुळात खाणकामाचे शिक्षण देण्यासाठी निघाली होती, त्याची ती खूण. सालाचेही तसेच आहे. हंगाम हिवाळ्यात सुरू होऊन मार्चमध्ये संपतो, म्हणून तो दोन वर्षांच्या जोडीने लिहिला जातो, पण विजेतेपद नुसत्या 1966 या सालावर मांडले जाते. टिपणवहीत पहिल्याच पानावर दोन्ही रूपे लिहून ठेवावीत.

त्यानंतर हंगामाचा ताळेबंद स्वतः जुळवून पाहावा. टेक्सास वेस्टर्नची नोंद 28 विजय आणि 1 पराभव अशी आहे. संघाने सलग 23 सामने जिंकले, 5 मार्च 1966 रोजी सिअ‍ॅटल विद्यापीठाकडून 74-72 अशी हार पत्करली आणि पुढे राष्ट्रीय स्पर्धेतील पाचही सामने जिंकले. 23 आणि 5 मिळून 28, हिशेब बरोबर बसतो. अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नकडून हरलेल्या केंटकीची नोंद 27 विजय आणि 2 पराभव अशी आहे, पण तो संघ स्पर्धेत चारच सामने खेळला. हा फरक दिसला की थांबून कारण शोधावे. त्या वर्षी स्पर्धेत अवघे 22 संघ होते; केंटकीसारख्या परिषद-विजेत्या (परिषद म्हणजे आपसांत खेळणाऱ्या महाविद्यालयांचा गट) संघाला पहिल्या फेरीत सूट मिळाली, तर कोणत्याही परिषदेत नसलेल्या टेक्सास वेस्टर्नला एक फेरी जास्त खेळावी लागली. सिअ‍ॅटलला शनिवारी हरलेला हा संघ सोमवारी कॅन्सस राज्यातील विचिटा येथे ओक्लाहोमा सिटीविरुद्ध उभा होता आणि तो सामना त्याने 89-74 असा जिंकला. तारखा शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय ही दगदग लक्षात येत नाही.

क्रमवारी वाचताना अधिक सावध राहावे. मी स्वतः बराच काळ या गोंधळात होतो की विजेता संघ वृत्तसंस्थेच्या अखेरच्या क्रमवारीत तिसरा कसा. उत्तर साधे आहे: त्या काळी अखेरची क्रमवारी राष्ट्रीय स्पर्धा निकाली निघण्याआधीच जाहीर होत असे. केंटकी पहिला, ड्यूक दुसरा आणि टेक्सास वेस्टर्न तिसरा, हा स्पर्धेपूर्वीचा अंदाज होता, निकाल नव्हे.

आता नियम. आजच्या डोळ्यांनी जुना सामना वाचला की सगळेच चुकत जाते. 1966 मध्ये महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये तीन गुणांची रेषा नव्हती. ती सर्वत्र आली 1986-87 मध्ये. ठरावीक सेकंदांत फेक करण्याची सक्ती करणारे घड्याळ त्याच्या एकच हंगाम आधी आले. म्हणजे आघाडीवर असलेला संघ चेंडू हवा तेवढा वेळ हातात खेळवू शकत होता आणि मागे पडलेल्या संघाला अखेरीस फाउल करून, म्हणजे समोरच्याला फ्री थ्रो (कुणी न अडवता करायच्या एकेका गुणाच्या फेकी) देऊनच, चेंडू परत मिळवावा लागत असे. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघात खेळता येत नसे. डंक, म्हणजे उडी मारून चेंडू वरून थेट रिंगमध्ये कोंबणे, मात्र चालत होता. त्यावर बंदी आली 1967-68 पासून आणि ती जवळजवळ दशकभर टिकली. एवढे चार नियम टिपणवहीच्या समासात लिहून ठेवले की तक्ता उघडायला हरकत नाही.

19 मार्च 1966, मेरीलँड राज्यातील कॉलेज पार्क, कोल फील्ड हाउस. टेक्सास वेस्टर्न 72, केंटकी 65. आधी बेरीज करावी. बॉबी जो हिल 20, डेव्हिड लॅटिन 16, ऑर्स्टन आर्टिस 15, विली वर्स्ली 8, विली केजर 8, नेव्हिल शेड 3, हॅरी फ्लोर्नॉय 2: बरोबर 72. केंटकीकडून पॅट रायली 19, लुई डॅम्पियर 19, लॅरी कॉनली 10, थॅड जारॅझ 7, टॉमी क्रॉन 6, क्लिफ बर्जर 4: बरोबर 65. बेरीज जुळली म्हणजे निदान कॉपी करताना कुणी आकडा गाळलेला नाही, एवढी खात्री होते. जुन्या नोंदींत हे गृहीत धरू नये.

मग रकाने वेगळे करावेत. केंटकीने 70 फेकींत 27 बास्केट केले, टेक्सास वेस्टर्नने 49 फेकींत 22. म्हणजे मैदानी फेकींत केंटकी पाच बास्केटने, अर्थात दहा गुणांनी पुढे होता. फ्री थ्रोचा रकाना पाहिला की चित्र फिरते: टेक्सास वेस्टर्नचे 34 पैकी 28, केंटकीचे 13 पैकी 11. तिथे सतरा गुणांचा फरक पडला. सतरातून दहा वजा केले की उरतात सात, आणि सामना सात गुणांनीच गेला. मध्यंतराला टेक्सास वेस्टर्नच 34-31 असा पुढे होता, हे लक्षात घेऊन वरचा घड्याळाचा नियम पुन्हा वाचावा. आघाडीवरच्या संघाला फ्री थ्रो जास्त मिळण्यात त्या काळी नवल नव्हते, म्हणून नुसत्या या रकान्यावरून पंचांवर ठपका ठेवण्याची घाई करू नये.

आता या तक्त्याने काय सांगितले नाही ते पाहावे. पहिल्या सत्रात हिलने केंटकीच्या दोन खेळाडूंकडून, आधी क्रॉनकडून आणि लगेच डॅम्पियरकडून, भर मैदानात चेंडू हिसकावला आणि दोन्ही वेळा एकट्याने धावत जाऊन बास्केट केला. सामना आठवणारे लोक आजही याच क्षणाबद्दल बोलतात. तक्त्यात हिलच्या नावापुढे त्याचे चार गुण आहेत, पण हिसकावणी नाही. ती आणि अडवलेल्या फेकी राष्ट्रीय पातळीवर अधिकृतपणे मोजायला सुरुवात झाली 1985-86 मध्ये. सुरुवातीलाच लॅटिनने रायलीच्या डोक्यावरून केलेला डंकही तिथे नुसते दोन गुण होऊन बसला आहे. त्याचप्रमाणे लबॉक येथील प्रादेशिक अंतिम सामना कॅन्ससविरुद्ध दोन जादा डावांनंतर 81-80 असा सुटला, हे कागदावर दिसते. पण पहिल्या जादा डावाच्या शेवटी कॅन्ससच्या जो जो व्हाइटने टाकलेला बास्केट त्याचा पाय मैदानाच्या सीमारेषेवर पडल्यामुळे पंचांनी रद्द केला, हे कळायला वर्तमानपत्राचा वृत्तांतच हवा. तो पाय बोटभर आत असता, तर हा लेख बहुधा लिहिला गेला नसता.

तक्ता आणखी एक गोष्ट सांगत नाही, आणि दंतकथा उभी आहे ती नेमकी तिच्यावर. अंतिम सामन्यात टेक्सास वेस्टर्नकडून खेळलेले सातही खेळाडू कृष्णवर्णीय होते आणि केंटकीचा संघ पूर्णपणे गोरा होता. अनेक समकालीन वृत्तांतांत याचा स्पष्ट उल्लेखही आढळत नाही. या सामन्याचा अर्थ बराचसा पुढच्या वर्षांत लावला गेला. म्हणून जुने वृत्तांत आणि नंतरच्या आठवणी यांच्यासाठी दोन वेगळे रकाने ठेवावेत. एका सामन्यावरून संपूर्ण संघही ठरवू नये. बारा जणांच्या या चमूत पाच जण कृष्णवर्णीय नव्हते आणि त्यांपैकी जेरी आर्मस्ट्राँगने उपांत्य सामन्यात यूटाच्या जेरी चेंबर्सला रोखण्याचे काम केले होते. चेंबर्सने त्या सामन्यात 38 गुण केले आणि संघ चौथा येऊनही तोच स्पर्धेचा सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. अंतिम सामन्याच्या तक्त्यात आर्मस्ट्राँगचे नाव शोधूनही सापडणार नाही.

पडद्यावरच्या कथेला साक्षीदार मानू नये. या हंगामावर 2006 मध्ये निघालेल्या हॉलिवूडपटात हॅस्किन्स येतात आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद मिळवतात. प्रत्यक्षात ते 1961 पासून तिथे होते, आणि कृष्णवर्णीय खेळाडू तर त्यांच्याही आधीपासून त्या संघात खेळत होते.

सर्वांत शेवटी परिणामांच्या तारखा तपासाव्यात, कारण ‘या सामन्यानंतर सारे बदलले’ हे वाक्य लिहिण्याचा मोह याच टप्प्यावर होतो. केंटकी ज्या आग्नेय परिषदेत होता, त्या परिषदेतील पहिला कृष्णवर्णीय बास्केटबॉलपटू पेरी वॉलेस व्हँडरबिल्टच्या मुख्य संघातून 1967-68 मध्ये उतरला. केंटकीच्या मुख्य संघात टॉम पेन दिसला तो 1970-71 मध्ये. मधले चार हंगाम केंटकीचा संघ कॉलेज पार्कमध्ये होता तसाच, पूर्णपणे गोरा राहिला.