पवना धरणाकाठी मुलांना घेऊन गळ टाकायला निघताना

पक्कड घ्या. लांब चोचीची, बुडाशी तार कापायची धार असलेली. मागच्या खेपेला नेमकी हीच घरी राहिली, म्हणून यादी तिच्यापासून सुरू. कपडे, चार्जर, ब्रश ज्याचं त्यानं बघावं.

कॉटेज ठरवताना दोन गोष्टी फोनवरच विचारा. एक, गळ टाकायला परवानगी कोणाची. धरणातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. "सगळेच टाकतात हो" हे उत्तर नाही, संस्थेच्या माणसाशी बोला. दोन, स्वयंपाकघरात मासळी चालते का. बऱ्याच ठिकाणी चालत नाही, आणि ते कळतं मासे साफ करून झाल्यावर. जायचं नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एप्रिल-मेमध्ये पाणी मागे हटतं आणि मध्ये राहतो गाळ. वरून वाळलेला दिसतो, पोर गुडघ्यापर्यंत आत जातं.

मुलांना चिलापीच (तिलापिया मासा) धरू द्या. रोहू-कटल्यासाठी चार तास गप्प बसणं आठ वर्षांच्या पोराच्यानं होत नाही. चिलापी काठालगत असते आणि पटकन ओढते. तंगुसाची (नायलॉनची) दोरी ०.२५ मिलिमीटर जाडीची, गळ ८ किंवा १० नंबरचा. नंबर वाढला की गळ लहान होतो. दुकानात हे उलटं समजून भलामोठा गळ घेतला जातो आणि चिलापी आमिष कुरतडून निघून जाते. शिशाचा एक मणी गळाच्या वीतभर वर. तो दातांनी दाबून बसवू नका, शिसं आहे ते. पक्कड.

गांडुळं ओल्या मातीत, भोकं पाडलेल्या डब्यात, सावलीत. बंद गाडीत उन्हात राहिली तर संपली. जोडीला कणीक: एक वाटी कणकेला अर्धी वाटी शेंगदाण्याची पेंड, पाणी बेतानं, आणि मळताना चिमूटभर कापूस पिंजून घाला. कापसाच्या तंतूंमुळे गोळी पाण्यात गळावरून सुटत नाही. गोळी हरभऱ्याएवढी, लाडू नको.

आता पुन्हा पक्कड. गळाच्या टोकाशी उलटा काटा असतो. घरून निघण्याआधीच मुलांच्या प्रत्येक गळाचा तो काटा पकडीत दाबून सपाट करा. दोन मासे जास्त सुटतील, सुटू देत. सपाट काट्याचा गळ बोटात गेला तर आला तसा मागे निघतो. काटा शाबूत असला तर मागे ओढताना मांस फाटतं. मग टोक कातडीतून पुढे काढून, काटा छाटून, उरलेला दांडा मागे घ्यावा लागतो. खोल रुतला असेल तर हे डॉक्टरांनीच करावं. पण गळ छाटायला धार पकडीचीच लागते, कात्री आणि नेलकटर इथे काही कामाचे नाहीत. डोळ्याजवळ रुतला तर हात न लावता सरळ दवाखाना. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं डॉक्टरांना विचाराच.

माशाच्या तोंडातून गळ काढायलाही पक्कडच. चिलापीचं तोंड एवढंसं, बोटं जात नाहीत. धरताना हात ओला करून डोक्याकडून शेपटीकडे फिरवा, म्हणजे पाठीचे काटे आडवे पडतात. उलट फिरवलात की तळहात भोसकलाच.

लाइफ जॅकेट प्रत्येक मुलाला, वजनाप्रमाणे, पायांमधून पट्टा असलेलं. धरणाच्या फुगवट्याच्या तळाशी जुनी शेतं आणि बांध आहेत: एका पावलाला गुडघाभर पाणी, पुढच्याला डोक्यावरून. कॉटेजवाल्यांची जॅकेटं मिळतील, पण बकलं ओढून बघा. मोठ्यांनीही घाला, पोहता येत असलं तरी.

बर्फाचा डबा, धारदार सुरी, जुनी वर्तमानपत्रं. खवले शेपटीकडून डोक्याकडे काढा. पोटातला काळा पापुद्रा खरवडून टाका, कडू लागतो. तळायला मीठ, हळद, आगळ (कोकमाचा रस), रवा, तेल. तवा आहे का विचारा.

टोप्या, टॉर्च, डासांचं मलम. निघताना तुटलेल्या दोरीचे तुकडे वेचा, पक्ष्यांच्या पायात अडकतात. काठ्यांचे गळ काढून डबीत. गांडुळांचा डबा डिकीत नाही ना, ते बघा. आणि पक्कड काठावरच्या दगडावर राहिली असेल, ती उचला.