गावातल्या घरच्या सोलरचा हिशोब कसा ठेवावा: किती युनिट बनतात, किती पैसे वाचतात

लाईट बिल शून्याच्या जवळ आलं की बहुतेक घरांत छतावरच्या सोलरकडे बघणं बंद होतं. हिवाळ्यात घरात कूलर नाही, पंखे नाहीत, वापर थोडा. अशा वेळी पॅनलवर धूळ बसून उत्पादन पाचव्या हिश्शाने घटलं तरी बिलात ते दिसत नाही. मग मे महिन्यात बिल वाढून येतं आणि घरचे म्हणतात, सोलर बिघडलं. खरं तर सोलर ठीक असतं, दोन कूलर रात्रभर चाललेले असतात. बिलावरून सोलरची तब्येत ओळखता येत नाही, म्हणून सोलरची नोंद वेगळी ठेवायची. महिन्यातून अर्धा तास आणि एक शंभर पानी वही, एवढं त्यासाठी पुरतं.

पहिलं काम: तीन आकडे ओळखा

महावितरणच्या लाईनला जोडलेल्या, बॅटरी नसलेल्या घरगुती सोलरमध्ये तीन रीडिंग महत्त्वाची. पहिलं, सोलरने एकूण किती युनिट बनवले. हे सोलरच्या वेगळ्या मीटरवर किंवा इन्व्हर्टरच्या (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या यंत्राच्या) डिस्प्लेवर दिसतं. दुसरं, लाईनमधून घरात किती आले, म्हणजे आयात. तिसरं, घरातून लाईनमध्ये किती गेले, म्हणजे निर्यात. ही दोन्ही नेट मीटरवर दिसतात. नेट मीटरच्या डिस्प्लेवर आकडे एकामागून एक फिरत राहतात आणि पहिल्यांदा पाहणारा गोंधळतो. मीटर बसवायला आलेल्या माणसाकडून कोणता आकडा कशाचा ते समजून घ्या आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

इन्व्हर्टर आणि सोलर मीटर यांच्या आकड्यांत थोडा फरक असतोच. त्यात अडकू नका, पण एकदा जो धरला तोच कायम धरा.

दुसरं काम: ठरलेल्या तारखेला रीडिंग

दर महिन्याच्या १ तारखेला, सूर्य मावळल्यावर, तिन्ही आकडे लिहा आणि मोबाईलवर फोटो काढा. मोबाईलचं अॅप असलं तरी वही ठेवा. गावात नेटवर्क जातं, वायफायचा राउटर बंद राहतो आणि अॅपमधले दिवस कोरे दिसतात. वहीतल्या एकूण आकड्याला त्याची अडचण नाही.

आता हिशोब. या १ तारखेच्या आकड्यातून मागच्या १ तारखेचा वजा केला की त्या महिन्याचे युनिट निघतात. समजा तुमचं सोलर ३ किलोवॉटचं आहे. मार्च महिन्यात उत्पादन ३७२ युनिट, आयात १४०, निर्यात २३५.

बनल्याबरोबर घरातच वापरले: ३७२ वजा २३५ = १३७ युनिट.
घराचा एकूण वापर: १३७ अधिक १४० = २७७ युनिट.
शिल्लक जमा: २३५ वजा १४० = ९५ युनिट.
दर किलोवॉटमागे रोजचं उत्पादन: ३७२ भागिले ३, भागिले ३१ दिवस = ४ युनिट.

शेवटचा आकडा सगळ्यात कामाचा. तो काढला की तुमचं ३ किलोवॉटचं आणि शेजाऱ्याचं ५ किलोवॉटचं सोलर एका मापाने बघता येतं. आपल्याकडे विदर्भात वर्षभराची सरासरी ढोबळमानाने ४ युनिटच्या आसपास धरतात. पावसाळ्यात ढगाळ आठवडे लागले की ती बरीच खाली येते, त्याने घाबरू नये. एकाच महिन्यात गावातल्या दोन-तीन घरांचे आकडे शेजारी शेजारी लिहा. सगळ्यांचंच कमी असेल तर आभाळाचं कारण. तुमचं एकट्याचं कमी असेल तर छतावर जाऊन बघायची वेळ झाली.

नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) उत्पादन का घटतं

ऊन जास्त तर वीज जास्त, असं वाटणं साहजिक आहे. पण पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते आणि त्यावर प्रत्येक अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. अकोला, चंद्रपूर, वर्धा इकडे बाहेर ४५ अंश असताना पॅनल ७० अंशांपर्यंत तापू शकतं. म्हणजे ४५ अंशांचा फरक, सुमारे १६ टक्के घट. मे महिन्यात भर दुपारी ३ किलोवॉटचं सोलर २.२ किलोवॉटच्या आसपास दाखवत असेल तर ते नीट चाललं आहे, असंच समजा. पॅनल टिनाच्या छपराला अगदी चिकटून बसवलेले असतील तर खालून हवा खेळत नाही आणि ही घट आणखी वाढते. नवं बसवत असाल तर छपरापासून अंतर ठेवायला सांगा.

लाईट गेली तेव्हाचं नुकसान

दिवसा लाईट गेली की हे सोलरही बंद पडतं. ते मुद्दाम तसं केलेलं असतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या लाईनमनला तुमच्या छतावरच्या विजेचा धक्का बसेल. पण भर दुपारी तासभर लाईट गेली की ३ किलोवॉटचे सुमारे २ युनिट गेले. म्हणून सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात लाईट गेलेले तास वहीत मांडा. महिन्याला असे २० तास झाले तर ३५-४० युनिट तिथेच गेले, आणि पॅनल साफ करून ते परत येणार नाहीत.

दुसरी अडचण हळूहळू वाढते आहे. एकाच डीपीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) बरीच सोलर लागली की दुपारी व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर आपोआप लाईनपासून सुटतो, थोड्या वेळाने परत जोडला जातो. घरात लाईट सुरू असते, त्यामुळे कुणाच्या लक्षातही येत नाही. दुपारी १२ ते २ च्या दरम्यान अधूनमधून डिस्प्लेवरचं व्होल्टेज आणि बिघाडाचा कोड यांचा वेळेसह फोटो काढा. असे चार-पाच फोटो जोडून महावितरणकडे लेखी तक्रार द्या, १९१२ वरही नोंदवा. ‘सोलर चालत नाही’ एवढंच सांगितलं तर त्यावर कुणाला काही करता येत नाही. तारीख, वेळ आणि व्होल्टेज दिलं की डीपीवर काय बघायचं ते कळतं.

धूळ, खारं पाणी आणि वानरं

तुरीची मळणी, कपाशीची पऱ्हाटी जाळल्याची काजळी, कच्च्या रस्त्याचा फुफाटा, वणी-चंद्रपूरकडे कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ: आपल्याकडे पॅनल लवकर मळतात. पावसाळा सोडला तर १५ दिवसांनी धुणं बरं. धुण्याआधी आणि धुतल्यानंतर, सारख्याच निरभ्र दिवशी, दिवसभराचे युनिट लिहा. फरक नगण्य आला तर तुम्ही उगाच धुताय, मधलं अंतर वाढवा. दहा टक्क्यांचा आला तर उशीर होतोय.

पाणी कोणतं वापरता, हेही बघा. अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी काचेवर वाळलं की पांढरा थर धरतं आणि तो पुढे निघता निघत नाही. शेवटचा हात गोड्या पाण्याचा मारा आणि रबरी वायपरने पाणी ओढून काढा. धुणं पहाटे करा. तापलेल्या काचेवर गार पाणी टाकलं तर काच तडकू शकते. पॅनलवर पाय तर कधीच देऊ नये.

वानरांचा कळप येत असेल तर काचेला तडा गेलाय का ते दर महिन्याला बघा. उन्हाळ्यात काळी माती सुकून भेगाळते तेव्हा अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकत राहा, कारण पहिल्या पावसाच्या विजा त्याच काळात पडतात. वर्षातून एकदा, मेच्या आत, इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग मोजून घ्या आणि तो आकडाही वहीत लिहा.

बिल ताडून बघा

बिलावरची आयात-निर्यात आणि तुमचे फोटो जुळतात का, मागच्या महिन्याची शिल्लक या महिन्याच्या बिलात तेवढीच पुढे आली का, हे दोनच मुद्दे तपासा. शिल्लक कितीही असली तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

बचत काढताना सरसकट एक दर लावू नका. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतात: १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, पुढे आणखी जास्त. वरच्या उदाहरणात सोलर नसतं तर २७७ युनिटचं बिल आलं असतं. वीज आकार, वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून ते काढा आणि त्यातून प्रत्यक्ष बिल वजा करा. राहील ती त्या महिन्याची खरी बचत.

३१ मार्च लक्षात ठेवा

विदर्भातल्या घरांना सगळ्यात जास्त झळ इथे बसते. शिल्लक युनिट आर्थिक वर्षाच्या शेवटापर्यंतच पुढे जातात. ३१ मार्चला उरलेल्या युनिटचा हिशोब वीज नियामक आयोगाने ठरवलेल्या दराने पैशांत होतो आणि तो दर आपण विजेला मोजतो त्यापेक्षा बराच कमी असतो. हिवाळाभर साठलेली शिल्लक, कूलर जोरात सुरू व्हायच्या तोंडावर अशी मोडली जाते, आणि एप्रिल-मेचा खर्च कोऱ्या पाटीवर सुरू होतो.

म्हणून जानेवारीच्या बिलावर शिल्लक किती, ते बघा. जास्त साठत असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये स्वयंपाक इंडक्शनवर करा. साधारण सव्वाशे युनिटमध्ये एका सिलिंडरएवढं काम होतं. फक्त मंजूर भार (एका वेळी किती किलोवॉट वापरायची परवानगी आहे तो बिलावरचा आकडा) तेवढा आहे का, आधी बघा. आणि दरवर्षी मार्चमध्ये मोठी शिल्लक राहत असेल, तर फक्त मेच्या बिलावर चिडून आणखी पॅनल टाकू नका. बारा महिन्यांची बेरीज करून मगच ठरवा.

पैसे कधी फिटतील

पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या २ किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० रुपये, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये अनुदान आहे. ते वजा करून स्वतःच्या खिशातून गेलेली रक्कम धरा, कर्ज असेल तर व्याजही मिळवा. समजा १,२०,००० रुपये गेले आणि वर्षाला २०,००० वाचतात, तर सहा वर्षं. पण पॅनल साधारण पंचवीस वर्षं चालतात, इन्व्हर्टर तितका चालत नाही. तो मधे एकदा बदलावा लागेल असं गृहीत धरून दर वर्षी थोडी रक्कम त्याच्या नावाने बाजूला टाका. पॅनलचं उत्पादनही दरवर्षी अर्धा-पाऊण टक्का घटतं. वर्षाच्या बेरजेत त्याहून जास्त घट सलग दोन वर्षं दिसली, आणि धूळ, सावली, लाईट जाणं यांपैकी कशानेही ती समजत नसली, तर वॉरंटीच्या कागदांसह बसवणाऱ्याकडे जा. पॅनलचे सिरीयल नंबर, बिल आणि वॉरंटीपत्र या वहीसोबत एकाच पिशवीत ठेवलेलं असेल तर त्या दिवशी शोधाशोध करावी लागणार नाही.