जिम हॉलचा टोन शोधताय? या चुका टाळा

जिम हॉल हा अमेरिकन जॅझ गिटारवादक, आणि त्याच्या गिटारसारखा आवाज, म्हणजे टोन, अनेकांना हवा असतो. दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच, "दादा, जिम हॉलचा टोन पाहिजे, गिब्सनची १७५ गिटार घेऊ का?" आणि दर वेळी मी उलटं विचारतो, कुठला जिम हॉल? १९५७ चा, १९६२ चा, १९७५ चा, की म्हातारपणी सूर वर-खाली वाकवणाऱ्या व्हॅमी पेडलवर पाय ठेवून बसलेला? असं विचारलं की पलीकडे शांतता.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक हीच. मॉडेलचं नाव कळलं की लोकांना वाटतं टोन कळला. गिब्सन ईएस-१७५ त्याने वाजवली हे खरं, हॉवर्ड रॉबर्ट्स या गिटारवादकाकडून सेकंडहँड घेतलेली, वर्षानुवर्षं तीच. पण त्याआधी ड्रमर चिको हॅमिल्टनच्या क्विंटेटमध्ये (पाच जणांच्या बँडमध्ये) लेस पॉल ही गिटार होती, आणि १७५ मध्येसुद्धा आधी एकच पी-९० पिकअप (तारांची कंपनं उचलून अँपकडे पाठवणारा भाग) होता, सिंगल कॉइल, थोडी गुरगुर आणि कडेला धार असलेला, तो काढून नंतर हंबकर, म्हणजे दोन कॉइलचा पिकअप, बसवला. म्हणजे एकाच घरात दोन भाडेकरू राहून गेले. तुम्ही हंबकरवाली नवी गिटार घेऊन १९६२ चा आवाज शोधणार आणि मग शिव्या तारांना देणार.

आता माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने एक तक्ता केला होता, साल, गिटार, पिकअप, अँप असे रकाने. 'अंडरकरंट' हा अल्बम ऐकत होतो, १९६२ चा, पियानोवर बिल एव्हान्स आणि गिटारवर हा, तिसरं कुणी नाही. 'माय फनी व्हॅलेंटाइन'मध्ये पियानोचा सोलो चालू असताना मागून चार ठोक्यांची सुकी, लाकडी र्‍हिदम येते, पिकअपच नसल्यासारखी. मी छातीठोकपणे लिहिलं, 'इथे दुसरी गिटार, अकूस्टिक'. नुसतं लिहून थांबलो असतो तर ठीक, पण चार जणांना पाठवलं, एकाशी रात्री दीड वाजेपर्यंत भांडलो. पुढच्या आठवड्यात एका ज्येष्ठ वादक काकांकडे गेलो, त्यांनी काही न बोलता आपली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर घेतली, व्हॉल्यूमचा नॉब शून्यावर आणला आणि कॉर्ड मारायला सुरुवात केली. तोच आवाज! हॉलने गिटार बदललीच नव्हती, अँपमधून स्वतःला काढून घेतलं होतं आणि माइकला नुसत्या तारा आणि पोकळ बॉडी ऐकू येत होती. काका एवढंच म्हणाले, "चहा घेणार ना?"

तेव्हापासून माझ्या तक्त्यातला पहिला रकाना 'हात काय करतोय' हा आहे. पहिल्यांदा ऐकताना मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवतो, नाहीतर पहिला सूर यायच्या आत बोट सर्चवर जातं. पिक किती जोरात लागतोय, सूर किती वेळ टिकतोय, तारेचा स्वतःचा आवाज येतोय का, एवढं लिहायचं आणि मग गिटारचं नाव शोधायचं. हे कंटाळवाणं आहे हे मला मान्य आहे, घाई असणाऱ्यांनी सरळ पेडल विकत घ्यावा.

दुसरी मोठी चूक, रेकॉर्डिंगचं श्रेय गिटारला देणं. एकच साल घ्या, १९७५. एप्रिलमध्ये 'कॉन्सिएर्तो' हा अल्बम, रेकॉर्डिंग इंजिनियर व्हॅन गेल्डरचा स्टुडिओ, ट्रम्पेटवर चेट बेकर, सॅक्सोफोनवर पॉल डेझमंड, बेसवर रॉन कार्टर, डॉन सेबेस्कीची अरेंजमेंट, सगळं गुळगुळीत इस्त्री केलेलं. जूनमध्ये टोरांटोच्या बर्बन स्ट्रीट क्लबात त्रिकुट, ड्रम्सवर टेरी क्लार्क, बेसवर डॉन थॉम्पसन आणि रेकॉर्डिंगही त्या थॉम्पसननेच केलेलं, तर गिटार इतकी जवळ की बोटं सरकलेली कळतात. हात तेच, मध्ये फक्त दोन महिने. या दोन रेकॉर्डिंगवरून 'गिटार बदलली वाटतं' म्हणणारे मला दोन भेटलेत, एकाने तर पिकअपचा मेकही सांगितला, कुठून आणला देव जाणे.

कव्हरवरच्या फोटोवरून गिटार ओळखू नका. 'अंडरकरंट'च्या कव्हरवर पाण्यात तरंगणारी बाई आहे, ओळखा गिटार.

आवाजाची पातळी सारखी करून ऐका, जे जोरात वाजतं तेच कानाला 'वॉर्म' वाटतं.

कुठली आवृत्ती ऐकताय तेही बघा. १९५७ चा 'जॅझ गिटार' मुळात पियानो, बेस आणि गिटार एवढाच, ड्रम्स नाहीत, पण नंतरच्या एका आवृत्तीत लॅरी बंकरचे ड्रम्स वरून चढवलेत, आणि झांज वाजायला लागली की गिटारचा वरचा भाग झाकला जातोच. मग म्हणायचं, सुरुवातीला टोन बोथट होता!

आणि शेवटच्या काळाला घाबरू नका हो. दाक्विस्तो या कारागिराची कोरीव टॉपची गिटार आली, मग सदौस्की या कारागिराची, हॉलच्याच नावाची, लॅमिनेटेड (थर चिकटवलेल्या लाकडाच्या) बॉडीची गिटार आली, सोबतीला आवाज जाड, थरथरता करणारा कोरस आणि व्हॅमी. सत्तरी ओलांडलेला माणूस पेडल दाबून सूर वाकवतोय, आणि आमचे विशीतले पठ्ठे 'खरा टोन फक्त फ्लॅटवाउंड (सपाट, गुळगुळीत वेढ्यांच्या) तारांचा' म्हणून टोन नॉब शून्यावर नेऊन बसलेत. तो नॉब आधी थोडा उघडा, अँपचा आवाज अर्ध्यावर आणा आणि मग मला मेसेज करा.